लावालावी

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी थळच्या वाळूत बसून मी पत्नीला एक वचन दिले. वचने देण्याच्या दृष्टीने पुरुषाच्या आयुष्यातला हा काळ फार धोक्याचा असतो. समोर खांदेरी-उंदेरीचे किल्ले, मागे माडांची रांग, शेजारी नवी कोरी पत्नी आणि खिशात साठ रुपये. अशा वेळी दशरथाची बुद्धी आणि माझी बुद्धी यांत काही फरक उरत नाही. मी म्हणालो, "रिटायर झालो की आपण समुद्रकाठीच घर बांधायचं."

"नक्की ना?"

"नक्की."

कैकेयीनेही आपले वर लगेच वापरले नव्हते, हे मला तेव्हाच आठवायला हवे होते.

पुढे पस्तीस वर्षे बँकेत बसून मी लोकांच्या ठेवींवरचे चक्रवाढ व्याज मोजले. आपण दिलेल्या वचनावरही ते चढत असते, हे मात्र निवृत्तीच्या दिवशी कळले. हार, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन घरी आलो. हिने नारळ आत नेला, घड्याळाला किल्ली नसून सेल लागतो एवढे पाहून घेतले आणि म्हणाली, "आता समुद्र."

आम्ही अलिबागला जाऊन जमिनी पाहिल्या. जमिनी दाखवणाऱ्या गृहस्थाने एका गुंठ्याचा भाव सांगितला, तेव्हा मी त्याला पुन्हा सांगायला लावला. तो तालुक्याचा भाव सांगतो आहे, अशी माझी समजूत झाली होती. माझ्या फंडात जेवढी जागा बसत होती, तेवढीत आम्हां दोघांना उभे राहून समुद्र पाहता आला असता. बसायचे झाले तर पाळीपाळीने.

शेवटी एका जुन्या सहकाऱ्याचे कार्ल्याचे घर मिळाले. दोन खोल्या, पडवी, मागे परसू, परसात एक फणस. ही परसात उभी राहिली आणि तिने चारी दिशांना पाहिले. एका बाजूला लोहगड आणि विसापूर, दुसऱ्या बाजूला लेण्यांचा डोंगर, मधे इंद्रायणीचे खोरे. पाहणे पुरे झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "छान आहे. समुद्र कुठाय?"

"आहे," मी म्हणालो. "जरा खाली आहे."

जरा खाली म्हणजे दोन हजार फूट. आणि मधे अख्खा बोरघाट.

त्या दिवसापासून मी इतिहास-संशोधक झालो. पैशाने जे जमत नाही ते माणूस इतिहासाने साधू पाहतो. आपल्या महाराष्ट्राला हे निराळे सांगायला नको. कार्ले हे मूळचे समुद्रकाठचे गाव आहे, एवढेच मला सिद्ध करायचे होते. याहून अवघड गोष्टी सिद्ध करून लोक डॉक्टर झालेले आहेत.

पहिला पुरावा मी पावसाचा दिला. जूनमध्ये अरबी समुद्र स्वतः उठतो आणि घाट चढून येतो. लोणावळ्यावर दीडशे इंचांच्या वर पाऊस कोसळतो, तो काय आकाशात तयार होतो? मुळात तो समुद्रच. आपण समुद्राकडे जायचे की समुद्राने आपल्याकडे यायचे, एवढाच काय तो फरक. हिने दोरीवरचे चार दिवस न वाळलेले पातळ काढून माझ्या हातात दिले. "याला समुद्र नाही म्हणत," ती म्हणाली. "याला ओल म्हणतात."

मग मी लेण्यांकडे वळलो. आमच्या घरून एकवीरेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याचे गाव वेहेरगाव. या नावातला 'वेहेर' म्हणजे भिक्षूंचा विहार. वर चढून गेले की देवीचे देऊळ, आणि त्याला लागूनच ते प्रचंड चैत्यगृह. १२४ फूट लांब, ४५ फुटांच्या वर रुंद, ४६ फूट उंच, आत ३७ खांब. डोंगर कोरून केलेले एवढे मोठे चैत्यगृह भारतात दुसरे नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते कोरले आणि तेव्हा छताला बसवलेल्या सागवानी फासळ्या अजून जागच्या जागी आहेत. आमच्या पडवीचे वासे घर घेतल्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात वाकले. सुताराला मी कार्ल्याच्या फासळ्यांचा दाखला दिला. तो म्हणाला, "साहेब, त्या लेण्याला तुमच्यासारखं कोटेशन मागितलं नसंल कुणी."

या लेण्याचे सगळे श्रेय एखाद्या राजाने घेतलेले नाही, ही मला त्यातली मोठी गंमत वाटते. ते वर्गणीतून उभे राहिले आहे. खांबाखांबावर ब्राह्मी लिपीत देणगीदारांची नावे आहेत. बाहेरचा सिंहस्तंभ अग्निमित्रणक नावाच्या महारठीने दिला. दरवाजाच्या कामाला सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने हातभार लावला. दरवाजा घडवणारा स्वामी नावाचा सुतार, त्याचेही नाव कोरलेले आहे. माझ्या सुताराला मी हे सांगितले तेव्हा त्याने पहिल्यांदा लेण्याविषयी आदर दाखवला. आणि वैजयंती म्हणजे दूर दक्षिणेतले बनवासी, तिथला भूतपाल नावाचा शेठ. त्याने तर लिहूनच ठेवले आहे की जंबुद्वीपातले सर्वांत उत्तम शैलगृह आपण पुरे केले. लोणावळ्याच्या आसपास हल्ली जे बंगल्यांच्या योजनांचे फलक दिसतात, त्यांचा मूळपुरुष हाच. फरक इतकाच, की भूतपालाने जाहिरात आधी न करता बांधकाम झाल्यावर केली. आणि त्याने सांगितले ते बऱ्याच अंशी खरे आहे.

जमिनीचे व्यवहारही तिथे कोरलेले आहेत. नहपानाचा जावई ऋषभदत्त याने इथल्या भिक्षूंना करजिक नावाचे गाव दिले. पुढे क्षत्रप गेले, सातवाहन आले. त्यांनी मामाल म्हणजे आपल्या मावळातल्या अधिकाऱ्याला हुकूम पाठवून ते गाव भिक्षूंकडेच राहू दिले. राज्य बदलले तरी सातबारा कायम. आमच्या परसाच्या हद्दीचा निकाल लागायला तीन वर्षे लागली. पण तो काळ निराळा होता, तेव्हा दगडावर लिहीत.

पण माझ्या कामाचे लोक निराळेच होते. ते म्हणजे यवन! धेनुकाकटचे यवन. खांबांमागून खांब या पश्चिमेकडून आलेल्या लोकांनी दिलेले आहेत, आणि गंमत अशी की नावे धर्म, सिंहध्वज अशी आपल्या शेजारपाजारची वाटावीत तशी. हे धेनुकाकट कुठले यावर विद्वानांचे एकमत नाही. ते कार्ल्याजवळचेच देवघर असावे, असे कोसंबींनी सुचवले होते. एक खांब सोपाऱ्याच्या माणसाचाही आहे. सोपारा आणि कल्याण ही तेव्हाची बंदरे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तकात दोन्हींची नावे आहेत. बंदराला गलबत लागे, माल बैलांच्या पाठीवर चढे, बैल घाट चढत आणि इथे वर आल्यावर पाय मोकळे करीत. याच वाटेवर १८३० साली माल्कमने गाडीरस्ता खुला केला, १८६३ साली आगगाडी वर आली आणि २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. सारांश, गेली दोन हजार वर्षे समुद्र या वाटेने वर येत आहे.

हे सगळे मी हिला एका बैठकीत, नकाशासह सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग विचारले, "ते यवन येताना ताजे बोंबील आणत होते का?"

"तसा उल्लेख लेखात नाही."

"मग?" असे म्हणून ती आत गेली. पुण्यातल्या मोठमोठ्या परिसंवादांतही इतका नेमका प्रश्न कुणी विचारत नाही.

तिचे मन रमावे म्हणून घरात काहीतरी जिवंत आणावे असे मला वाटू लागले. शेजाऱ्यांचा पुतण्या कोंबड्या पाळतो. तो म्हणाला, "काका, बटेर घ्या. जागा कमी लागते, खाणं कमी, आणि सातव्या आठवड्याला अंडी चालू." आणि मी हो म्हणायच्या आत त्याने वीस पक्षी जाळीच्या खुराड्यासकट परसात आणून ठेवले. मुठीएवढे गोल, तपकिरी, मान आखडती घेतलेले जीव. हिने वाकून पाहिले. "चिमण्यांना गोधड्या पांघरल्यात का?"

"बटेर म्हणजे आपला लावा," मी म्हणालो. "नर तो लावा, मादी ती लावी."

"म्हणजे आता घरात लावालावी."

हे भाकीत होते हे मला नंतर कळले. आमचा सह्याद्रीही लाव्याचाच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वाहिला तो लावा, आणि त्यात कोरली ती लेणी. पण त्या लाव्याने थंड झाल्यावर कुणाला त्रास दिला नाही. आमचे लावे पहाटे साडेचारला ओरडायला लागत. जपानात यांना पूर्वी गाण्यासाठी पाळीत म्हणतात. जपानी माणूस सहनशील खरा.

कारण हे लावे जपानी. रानातला लावा पकडणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. आमचे हे पाहुणे मात्र पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले. १९७४ साली ते कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या सरकारी संशोधन केंद्रात आले आणि तिथून देशभर पसरले. जपान, अमेरिका, बरेली, कार्ले! आम्ही दोघे मिळून एवढे फिरलेलो नाही. मी लगेच म्हणालो, "बघ, हेसुद्धा समुद्रापलीकडून आले आहेत." ही म्हणाली, "आले असतील. पण त्यांना कुणी वचन देऊन आणलेलं नाही."

तरीही लाव्यांनी तिला गुंतवले. मी दुपारभर ब्राह्मीची अक्षरे लावीत बसे आणि ही खुराड्यापुढे पाट टाकून बसे. आठ दिवसांत तिच्या लक्षात आले की दचकला की लावा आडवा पळत नाही, सरळ वर उडतो आणि छताला डोके आपटून घेतो. तिने जुनी चादर छताखाली ताणून बांधली, डोकी वाचली. राखेची पाटी ठेवली तर सगळे तीत आंघोळीला उतरतात आणि त्यातही मानपान असतो, हे तिनेच शोधले. आणि तिचा सर्वांत मोठा शोध अंड्यांचा. लावीचे अंडे दहा-अकरा ग्रॅमचे, त्यावर तपकिरी शिंतोडे. मला सगळी सारखीच दिसत. एके दिवशी ही सात अंडी ओळीने मांडून म्हणाली, "हे लंगडीचं. हे त्या भांडकुदळीचं. ही मोठ्या ठिपक्यांची दोन्ही शेपूटतुटकीची, कालचं आणि आजचं." प्रत्येक लावीची शिंतोड्यांची तऱ्हा ठरलेली असते, ती सहसा बदलत नाही. पुढे हे मी पुस्तकात वाचले. तिला पुस्तक लागले नाही. मी दोन हजार वर्षांपूर्वीचे हस्ताक्षर लावीत होतो, ती आज सकाळचे लावीत होती. आणि तिच्या वाचनात चूक निघत नव्हती.

एक गोष्ट मात्र तिला लागून राहिली. या लाव्या अंडी घालतात आणि चालू लागतात. उबवायला बसत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या यंत्राने अंडी उबवल्यामुळे बसायचे असते हेच त्या विसरून गेल्या आहेत. हिने शेजारची खुडूक कोंबडी मागून आणली आणि तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. सतराव्या-अठराव्या दिवशी अंगठ्याच्या पेराएवढी पाच पिल्ले बाहेर पडली. कोंबडीने एकदा पिल्लांकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिले. तिची फसवणूक करणाऱ्यांत मी एक होतो, म्हणून मी नजर चुकवली.

त्याच सुमारास मला माझ्या संशोधनातला कळस सापडला. कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक इंग्रज होता. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या समोरच्या बाजूला होता. पुढे १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमले. जमीन मोज, माणसे मोज, पिके मोज, असे त्याला सांगितले होते. सरकारी नोकराने सांगितले तेवढेच करावे, हा नियम त्याला ठाऊक नसावा. त्याने पक्षी मोजले, मासेसुद्धा मोजले. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात छापून आली. तीत एक लावा होता, शास्त्राला नवा. डोके काळेपांढरे, चोच आणि पाय तांबडे लाल. आणि तो सापडला कुठे? कार्ल्याच्या घाटात!

मी पुस्तक घेऊन परसात धावत गेलो. "अगं, आपला लावा! कार्ल्याचा लावा!"

"कुठला? लंगडीचा?"

मी तिला बसवून सांगितले. जगातल्या शास्त्राच्या वह्यांत आपल्या गावाचे नाव आहे, ते राजामुळे नाही, लढाईमुळे नाही, तर मुठीएवढ्या लाव्यामुळे आहे. आणि अजून ऐक. या पक्ष्याचे शास्त्रीय नाव 'एरिथ्रोरिंका', म्हणजे लाल चोचीचा. आणि ज्या पुस्तकात कल्याण-सोपाऱ्याची नावे आहेत त्याचे पूर्ण नाव 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी', म्हणजे लाल समुद्राची सफर. शब्द तोच! एरिथ्रोस! ग्रीकांचा समुद्र आणि कार्ल्याचा लावा, दोघेही एकाच रंगाचे! कार्ले समुद्रकाठी असल्याचा याहून भक्कम पुरावा कोणता?

हिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. अशा नजरेने ती पूर्वी फक्त तापात बरळणाऱ्या माणसाकडे पाहत असे.

"तो लावा अजून आहे का इथे?" तिने विचारले.

याचे उत्तर कुठल्या लेखात नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी डोंगराच्या उतारावर जाऊन बसलो. सालिम अलींचे नाव घेऊन बसलो म्हणा ना. १८९६ साली जन्मलेला तो मुंबईचा मुलगा; स्वयंपाकघरासाठी बाजारातून जिवंत आणलेल्या तित्तिर-लाव्यांतले काही चोरून बाजूला काढी आणि पाळी, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. पुढे १९३० साली नोकरी नव्हती तेव्हा किहीमच्या घरी बसून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांवर नजर ठेवली आणि तिच्या संसाराचे गुपित उलगडले. किहीम म्हणजे हिच्या थळच्या अगदी जवळ. समुद्रकाठी बसून माणूस सालिम अली होतो. डोंगरावर बसून माझे पाय तेवढे मुंग्यांनी भरले.

तीन पहाटा काही दिसले नाही. चौथ्या दिवशी मी उठायला म्हणून पाय उचलला आणि पायाखालचे गवतच उडाले. भर्र करून सात-आठ गोळे सात-आठ दिशांना गेले. मी घाबरून खाली बसलो. मिनिटभर शांतता. मग डावीकडच्या झुडपातून बारीक शीळ आली. उजवीकडून दुसरी. मग खालून तिसरी. विखुरलेले बिऱ्हाड एकमेकांना हाका मारून गोळा होत होते. थोड्या वेळाने समोरच्या पायवाटेवरून ते एकामागून एक, शाळेची पोरे रस्ता ओलांडतात तसे पळत गेले, आणि शेवटच्याची चोच मला दिसली. लाल होती.

घरी आलो तो मन एकदम बौद्ध झालेले. एवढ्या मोकळ्या रानात ते हिंडतात आणि आपण वीस जीव जाळीत ठेवले आहेत! मी तडक परसात गेलो आणि खुराड्याचे दार सताड उघडले. पक्षी दाराशी आले. बाहेर पाहिले. एकाने उंबऱ्यावरचा दाणा टिपला. मग सगळे वळले आणि पुन्हा आत जाऊन पाटीत राख उडवू लागले.

"पाहिलंस?" मी विजयाने म्हणालो. "यांना जायचंच नाही. इथे सुखात आहेत."

ही पडवीत तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दार उघडलंत. पण जायचं कुठे, हे त्यांना कुणी सांगितलंय का?"

मी दार लावून घेतले. बाहेर गेले असते तर मुंगसाने त्यांची एक रात्र काढू दिली नसती, असे शेजारचा पुतण्या नंतर म्हणाला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती मुंगसामुळे नव्हे. पस्तीस वर्षांत ती माझ्याबरोबर चार बदल्यांच्या गावी आली. प्रत्येक ठिकाणी तिने डोक्यावर चादर ताणून बांधली आणि डोकी वाचवली. तिला कुठे जायचे आहे हे तिने एकदाच, पहिल्या आठवड्यात, सांगितले होते. मी तिला पुरावे देत बसलो होतो.

मग चैत्र आला. चैत्रात आमच्या गावाला खरोखरच भरती येते. मुंबई, ठाणे, रायगडचे कोळीवाडे आणि आगरी गावे एकवीरेला लोटतात. आदल्या दिवशी देवघरला देवीच्या भावाची, काळभैरवनाथाची यात्रा, आणि चैत्र शुद्ध सप्तमीला वर देवीची पालखी. बँड, गुलाल, टोप्या, नारळ. ज्यांचे सगळे आयुष्य पाण्यावर जाते त्यांची आई इतक्या उंच डोंगरावर का राहते, असा प्रश्न मला नेहमी पडे. त्या वर्षी हिची थळची मावशी आमच्याकडे उतरली. ही मावशी रक्ताची नव्हे, माशांची. कोळीवाड्यात राहून हिच्या माहेरी रोज मासे घालायची आणि जाता-येता हिला कडेवर घ्यायची.

मावशीने परसात पाऊल टाकले आणि खुराड्यापुढे थबकली. "ही कसली गो कोंबरी? वाढली नाय काय?"

"लावे आहेत, मावशी."

"देवीला देव नको बा यांना. देवीला वाटंल, चेष्टा करतंय." असे म्हणून तिने टोपली उघडली. आत सुके बोंबील, सोडे आणि जवळा. घटकाभरात सगळ्या आळीला वास गेला. आयुष्यभर मी ब्राह्मी लेखांनी जे सिद्ध करू शकलो नसतो, ते त्या टोपलीने पाच मिनिटांत केले. त्या दिवशी कार्ले समुद्रकाठी होते. वासाला पुरावा लागत नाही.

सप्तमीला आम्ही वर चढलो. म्हणजे त्या दोघी चढल्या आणि मी इतिहासातली स्थळे दाखवण्याच्या निमित्ताने दर वीस पायऱ्यांवर थांबलो. दर्शन झाल्यावर गर्दीतून वाट काढीत चैत्यगृहात शिरलो. मी घसा साफ करून भूतपाल शेठपासून सुरुवात करणार, तोच मावशीने छताकडे पाहिले. फासळ्यांमागून फासळ्या, टोकापर्यंत.

"अगो, ही तं उलटी होरी!" ती म्हणाली.

मी वर पाहिले. इतक्या वेळा येऊन मला ते दिसले नव्हते. होडी बांधायला घेतात तेव्हा जशा फासळ्या उभ्या करतात, नेमक्या तशा. फक्त सगळे उपडे घालून डोंगरात ठेवलेले. फासळ्या बसवणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे. पण समुद्रावर जन्म काढलेल्या बाईला त्या छपराखाली एकदम घरच्यासारखे वाटले. खांबाला टेकून ती बसली आणि तिने पान जुळवायला घेतले.

बाहेर पालखी आली होती. ढोल, बँड, "आई माऊलीचा उदो" चा गजर. हे सगळे त्या कमानीतून आत शिरून स्तूपापर्यंत जात होते, मागच्या भिंतीवर फुटत होते आणि परतत होते. पुन्हा येत होते. शब्द विरघळून गेले होते, नुसता घोष उरला होता, चढणारा, उतरणारा. ही डोळे मिटून उभी होती.

"गाज येतेय," ती म्हणाली.

नाद कसा घुमतो, यावर मला दहा मिनिटे बोलता आले असते. मी बोललो नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात गप्प बसण्याचा इतका योग्य क्षण मी दुसरा साधलेला नाही. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. ते ओले होते. "पण नुसती गाजच," असे म्हणून तिने पदराने चेहरा पुसला.

दुसऱ्या दिवशी मावशीचा टेम्पो निघाला. रस्त्याच्या वळणाआड तो गेल्यानंतरही ही फाटकात उभी होती. मी सदरा चढवला, पेरिप्लसची टिपणे कपाटात ठेवली, लोणावळ्याच्या स्टँडवर गेलो आणि खिडकीशी जाऊन विचारले, "अलिबागला जायला गाडी कधी?" खिडकीतला माणूस वेळ सांगून मोकळा झाला. इतके सोपे होते. इतिहासाने जे सिद्ध होत नाही, ते एस.टी. सिद्ध करते.

तेव्हापासून दर महिन्याला आठ दिवस आम्ही थळला असतो. मावशीच्या ओटीवर एक खाट माझी आहे. लाव्यांकडे शेजारचा पुतण्या पाहतो. अंडी त्याची, राखेची पाटी आमची. वचनाची पूर्ण फेड झाली असे मी म्हणत नाही. व्याज चालू ठेवले आहे, एवढेच.

गेल्या खेपेला संध्याकाळी वाळूत बसलो होतो. खांदेरीवर दिवा लागला होता. पाणी ओसरत होते आणि ही पाय पसरून समाधानाने त्याच्याकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ती शेपूटतुटकी दोन दिवस अंडं देत नव्हती. त्या पोराच्या लक्षात येईल ना?"

"येईल."

"आणि पाऊस आला तर चादर काढायला हवी." ती वळून माडांच्या मागे पाहू लागली. अंधार पडला होता. "इथनं कार्ले कुठेशी येतं हो?"

मी पूर्वेकडे हात केला. "तिकडे," मी म्हणालो. "जरा वर आहे."